आधी किटकॅट खिशात, मग विहिरीत पाय: मोटर काढण्याचा आणि परत सोडण्याचा क्रम

मोटर बंद करणं वेगळं आणि वीज बंद करणं वेगळं. लाल बटण दाबलं की मोटर थांबते, पण वीज स्टार्टरपर्यंत येऊन उभीच असते. पेटीत ऑटो असेल तर लाइट गेली-आली की मोटर आपोआप सुरू होते. मोबाइल स्टार्टर असेल तर गावात बसलेल्या भावाच्या एका फोननं सुरू होते. त्या वेळी विहिरीत कोण उतरलंय हे पेटीला कळत नाही. म्हणून आधी किटकॅट, म्हणजे पेटीतल्या फ्यूजच्या दांड्या, काढून खिशात ठेवायच्या आणि मगच विहिरीत उतरायचं.

मराठवाड्यात हे काम वर्षातून दोनदा तरी निघतं. चैत्र-वैशाखात पाणी तळाला जातं तेव्हा मोटर खाली सरकवावी लागते, मृगाच्या पावसानं पाणी चढलं की वर घ्यावी लागते. मधेच जळाली तर ते वेगळं. खालचा क्रम ३ ते ७.५ एचपीच्या थ्री-फेज मोटरीसाठी आहे, मग ती विहिरीतली असो की बोअरमधली. नवी वायरिंग, पेटी बदलणं किंवा डीपीवरचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचं, काही काम असेल तर परवानाधारक वायरमन किंवा लाइनमनच हवा. डीपीची पेटी उघडून फ्यूज टाकणं हे शेतकऱ्याचं काम नाही, कितीही जण करत असले तरी.

## तयारी: कामाच्या आदल्या दिवशी

लाइट असतानाची वेळ निवडा. हे ऐकायला उलटं वाटेल. बहुतेक जण "आता लाइट नाही, तेवढ्यात काढून घेऊ" म्हणतात आणि तिथेच चुकतात. लाइट नसताना तुम्ही काय बंद केलंय हे तपासताच येत नाही. टेस्ट लॅम्प पेटला नाही तो मेन स्विच पडल्यामुळे की वरून येणारी लाइन (फीडर) बंद असल्यामुळे, हे कसं ओळखणार? शिवाय थ्री-फेज गेली म्हणजे सगळ्या तारा मेल्या असं नसतं, एखाद्या फेजमध्ये वीज राहू शकते. म्हणून दिवसाचा पुरवठा असेल त्या पाळीत, सकाळी उजेडात काम काढा. रात्रीच्या पाळीत बॅटरीच्या उजेडात मोटर काढू नका.

माणसं किमान तीन. एक पेटीजवळ, दोन दोरावर. कुणी विहिरीत उतरणार असेल तर चार. पेटीजवळच्या माणसानं काम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. दोराला हात कमी पडला म्हणून त्याला बोलवायचं नाही.

सामान आदल्या दिवशीच काढून पाहा:

- टेस्ट लॅम्प: एकाच वॅटचे दोन साधे पिवळे बल्ब, ४० किंवा ६० वॅटचे, एकामागे एक (सिरीजमध्ये) जोडलेले. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. एकटा २३० व्होल्टचा बल्ब लावला तर हातात फुटू शकतो. एलईडी बल्ब या कामाचा नाही. शेजारच्या तारेतून नुसत्या प्रेरणेनं आलेल्या विजेवरही तो मिणमिणतो आणि गोंधळ उडवतो.
- पेटीला लावायचं कुलूप, एकाच किल्लीचं.
- दोर. वर्षभर उन्हात पडलेला प्लास्टिकचा दोर बाहेरून शाबूत दिसतो. पीळ उलगडून आत पाहा, पांढरी भुकटी झडली किंवा धागे कडकड तुटले की तो दोर गोठ्यात वापरा, विहिरीवर नको.
- तीन पायांची घोडी आणि चेन कप्पी.
- रबर टेप, पीव्हीसी टेप, तांब्याच्या नळ्या, पॉलिश पेपर.
- कोरडी लाकडी फळी पेटीसमोर उभं राहायला, आणि पायात कोरडी रबरी चप्पल किंवा बूट.

स्क्रू ड्रायव्हरसारखा निऑनचा टेस्टर खिशात असू द्या, पण निकाल त्याच्यावर सोडू नका. तो अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म विजेवर पेटतो. कोरड्या फळीवर उभं राहिलं की त्याचा उजेड मंदावतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो पेटलाय की नाही हे दिसतही नाही.

> थांबा: आभाळ भरलंय, लांबवर गडगडतंय, तर काम पुढे ढकला. ओला दोर, लोखंडी घोडी, पाण्यापर्यंत गेलेला पाइप आणि मोकळं रान, हे सगळं एकत्र आलेलं असतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देतं. ते सकाळीच उघडून पाहावं.

## टप्पा १: फोन आणि ऑटो आधी तोडा

१. मोबाइल स्टार्टर असेल तर त्यात कुणाकुणाचे नंबर नोंदलेले आहेत ते आठवा. घरचे दोन, वाटेकऱ्याचा एक, सालगड्याचा एक असे चार-पाच निघतात. प्रत्येकाला फोन करून सांगा: आज मोटरला फोन लावायचा नाही.

२. सांगितलं म्हणजे झालं असं नाही. स्टार्टरवरचा ऑटोचा खटका मॅन्युअलवर आणा.

३. वेळेवर चालू होण्यासाठी टायमर लावला असेल तर तोही बंद.

४. मोटर चालू असेल तर आता लाल बटण दाबा.

ऑटोबद्दल एक वेगळं मत नोंदवायला हवं. एका डीपीवरचे सगळे ऑटो एकदम उठतात तेव्हा डीपीवर एकाच क्षणी सगळा भार पडतो. डीपी जळते ती अशीच, आणि मग ऐन पाण्याच्या पाळीत हरभरा वाळतो. ऑटो काढून टाकला तर विहिरीवरचा धोका आणि हा ताप, दोन्ही कमी होतात.

## टप्पा २: पेटी बंद करण्याचा क्रम

पेटी उघडताना थेट तोंड आत घालू नका. आत गांधीलमाश्यांचं पोळं असतं, पाल असते, आणि पावसाळ्यात उबेला आलेला सापही असतो. लांब कोरड्या काठीनं दार उघडा, दोन मिनिटं थांबा. पेटी लोखंडी असेल तर दाराला हात लावण्याआधी टेस्टर लावून पाहा. आतली एखादी वायर सोलून पेटीला टेकलेली असू शकते.

१. मोटर थांबल्याची खात्री करा. डिलिव्हरी पाइपचं पाणी बंद झालं पाहिजे.

२. मेन स्विच खाली पाडा.

३. तीनही किटकॅट, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजच्या दांड्या, बाहेर काढा. एक काढून दोन ठेवायच्या नाहीत.

४. तिन्ही दांड्या विहिरीत उतरणाऱ्याच्या किंवा मोटरीला हात लावणाऱ्याच्या खिशात. पेटीवर, बांधावर, गाडीच्या डिकीत नको.

५. टप्पा ३ ची तपासणी आणि केबल सोडवणं झालं की पेटी बंद, कुलूप, किल्लीही त्याच खिशात.

क्रम उलटा करू नका. मोटर चालू असताना किटकॅट ओढली तर ठिणगीचा जाळ हातावर येतो. शिवाय एक दांडी निघाली आणि दोन राहिल्या की मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि वाइंडिंग जळतं.

किटकॅटऐवजी एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा खटका, असेल तर ती पाडून पेटीला कुलूप लावा. एमसीबी खिशात घालता येत नाही, म्हणून तिथे कुलपाला पर्याय नाही.

> तपासा: तुमच्या पेटीत एकाच ठिकाणाहून वीज येते का? आपली डीपी जळाली तेव्हा शेजाऱ्याच्या डीपीवरून आणलेली केबल पुढे सहा महिने तशीच लटकत राहते. आखाड्यावरच्या (शेतातल्या घराच्या) बल्बची वायरही पुष्कळदा मेन स्विचच्या आधीच घेतलेली असते. अशी प्रत्येक वायर मागे जाऊन शोधा. ती कुठून येते हे कळत नसेल तर काम थांबवा आणि वायरमन बोलवा.

## टप्पा ३: वीज खरंच गेली का?

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि सगळ्यात जास्त गाळला जातो. मेन स्विचची दांडी खाली दिसते म्हणजे आतल्या तिन्ही पट्ट्या सुटल्या असं नाही. जुन्या स्विचमध्ये एखादी पट्टी जाळानं चिकटून बसते. दांडी खाली, दोन पट्ट्या सुटलेल्या आणि तिसरी तिथंच. किटकॅट काढलेल्या असल्या तरी पुढची वायर कुठे कशाला टेकली आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही.

१. टेस्ट लॅम्प आधी चालू बाजूला, मेन स्विचच्या वरच्या टोकांना लावा. पेटला पाहिजे. म्हणजे लॅम्प चांगला आहे.

२. आता मोटरीकडे जाणाऱ्या टोकांवर तपासा. तीन वायरींच्या तीन जोड्या: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. मग प्रत्येक वायर आणि अर्थिंग. एकूण सहा वेळा. एकदाही पेटता कामा नये.

३. पुन्हा चालू बाजूला लावा. पेटला पाहिजे. मधल्या वेळात बल्बची तार तुटली असेल तर दुसऱ्या पायरीचा निकाल खोटा ठरतो, म्हणून ही तिसरी पायरी.

४. पेटीजवळ कपॅसिटर असेल तर त्यात वीज साठलेली असते. मेन पाडल्यावर किमान पाच मिनिटं थांबा आणि त्याच्या टोकांवरही लॅम्प लावून पाहा. पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून कपॅसिटर "उतरवायची" पद्धत सोडून द्या. धातू वितळून डोळ्यांत उडतो.

हे झाल्यावरच केबलची टोकं स्टार्टरमधून सोडवा. सोडवण्याआधी कुठली वायर कुठल्या टोकाला होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटी तोच कामाला येतो.

### सौर पंप असेल तर

सौर पंपाचा हिशोब वेगळा आहे. इथे वरून वीज बंद करणारा कुणी नाही. ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरींत वीज आहे, कंट्रोलर बंद असला तरी. अनेक पॅनेल एकामागे एक जोडलेले असल्यानं दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो आणि ती डीसी वीज असते. तिचा जाळ एकदा लागला की एसीसारखा चटकन तुटत नाही. म्हणून आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा खटका, पाडायचा, मग कंट्रोलर उघडण्याआधी किमान दहा मिनिटं थांबायचं. पॅनेलखालचे खटक्याचे कनेक्टर चालू भारावर कधीही ओढायचे नाहीत. आयसोलेटरच्या मागे, पॅनेलच्या बाजूला, काही करायचं असेल तर ते पुरवठादार कंपनीच्या माणसाचं काम. पॅनेलवर चादर टाकून वीज बंद होते हा समज धोक्याचा आहे. कडेनं आलेल्या उजेडातही दाब टिकतो.

## टप्पा ४: विहिरीत उतरण्याआधी हवा

उतरायची गरज आहे का, हे आधी ठरवा. मोटरीला दोर बांधलेला असेल तर वरून ओढता येते. गाळात रुतली, पाइपाचा सांधा अडकला, तरच खाली माणूस लागतो.

जुनी, वापर नसलेली, पालापाचोळा कुजलेली किंवा वरून झाकलेली विहीर असेल तर आतली हवा वरच्यासारखी नसते. कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. गाळ ढवळला की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. विहिरीत खाली डिझेल इंजिन लावून उपसा केला असेल तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासच नाही.

कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहायची पद्धत गावोगाव आहे. तिचा अर्थ नीट समजून घ्या. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली माणसानं उतरू नये. ज्योत मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत तग धरते. म्हणजे ज्योत विझली तर उतरायचं नाही हे नक्की, पण ज्योत पेटती राहिली म्हणून उतरायला हरकत नाही असं होत नाही. मधल्या पट्ट्यात माणसाला भोवळ येते आणि कंदील तेवतच असतो. विषारी वायूंबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

१. इंजिन विहिरीत असेल तर बंद करून वर काढा.

२. ब्लोअर वर ठेवून त्याचा पाइप तळापासून दोन-तीन फुटांवर सोडा आणि काही तास हवा मारा. ब्लोअर पेट्रोलचा असेल तर त्याचा धूर तोच परत आत ओढणार नाही अशा बाजूला ठेवा. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच.

३. उतरणाऱ्याच्या छातीला आणि खांद्यांना पट्टा बांधा, नुसता कमरेला दोर नको. कमरेचा दोर बेशुद्ध माणसाला उलटा करतो.

४. वरच्या दोघांच्या हातात तो दोर सतत. दर मिनिटाला हाक द्यायची, उत्तर आलं नाही की ओढायचं.

बांधकाम नसलेल्या विहिरीत मुरूम आणि काळ्या मातीचा वरचा थर पावसानंतर सुटतो. काठावर भेगा दिसल्या तर घोडी तिथून लांब मांडा.

> थांबा: खाली गेलेला माणूस उत्तर देत नाही, तर दुसऱ्यानं मागोमाग उतरायचं नाही. एकामागे एक तिघे-चौघे जातात ते याच घाईत. दोरानं ओढा, हवा मारत राहा, ११२ ला फोन करा.

## टप्पा ५: मोटर ओढणं

वजनाचा अंदाज घेतल्याशिवाय दोराला हात घालू नका. पाच एचपीची मोटर पन्नास किलोच्या पुढे जाऊ शकते. त्यात पाइपातलं पाणी मिळवा: दोन इंची पाइपाच्या दर फुटात सुमारे ६०० मिली पाणी मावतं, म्हणजे ५० फुटांत ३० किलो, पाइपाचं वजन निराळं. व्हॉल्व्ह पाणी धरून ठेवत असेल तर ते सगळं वजन तुमच्या दोरावर येतं. म्हणून डिलिव्हरीचा वरचा सांधा सोडून जेवढं पाणी उतरवता येईल तेवढं उतरवा.

दोर मोटरीच्या कडीत बांधलेला असला पाहिजे. केबलला धरून मोटर ओढायची नाही, इंचभरही नाही. केबलला ताण बसला की आतला जोड सुटतो, बाहेरची साल तशीच राहते. मग मोटर परत पाण्यात गेली की विहिरीच्या पाण्यात वीज उतरते.

पाइप वर येईल तसा आडवा घ्या. इथे मान वर करून एकदा आभाळाकडे पाहावं: विहिरीवरून किंवा बांधावरून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जाते का? २० फुटी पाइप उभा झाला की त्याचं टोक तारांच्या जवळ पोहोचतं, आणि ११ केव्हीच्या तारेला शिवायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी झेप येते. लाइन असेल तर पाइप तुकड्यातुकड्यानं सोडवून काढा किंवा विरुद्ध बाजूला ओढा.

## टप्पा ६: केबलचा जोड

पाण्यातला जोड शक्यतो टाळा. अखंड केबल घ्या. द्यावाच लागला तर असा:

१. चपट्या केबलच्या तीन कोर वेगवेगळ्या लांबीच्या कापा, म्हणजे तीन जोड एकमेकांपासून दोन-अडीच इंच लांब येतील. तिन्ही एकाच ठिकाणी आले तर गाठ जाड होते आणि एका जोडाचं पाणी दुसऱ्यात जातं.

२. प्रत्येक कोर दीड इंच सोला. तांबं पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा. काळं पडलेलं तांबं तसंच पिरगाळलं की जोड तापतो.

३. तांब्याच्या नळीत दोन्ही टोकं घालून क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबा. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांत पिरगाळू नका, ओलीत तो सांधा कुजतो.

४. रबर टेप ताणून गुंडाळा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, असे तीन थर, दोन्हीकडे मूळ सालीवर एक-एक इंच गेलेले. रबर टेप न ताणता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही.

५. मग पीव्हीसी टेपचे दोन थर, आणि शेवटी तिन्ही मिळून एक आवरण. नुसती पीव्हीसी टेप पाण्यात टिकत नाही.

> तपासा: जोड बादलीभर पाण्यात तासभर बुडवा, केबलची दोन्ही टोकं बाहेर कोरडी. ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वीज कुठे गळते का ते दाखवणाऱ्या मीटरनं, प्रत्येक कोर आणि पाणी यांच्यातला रोध मोजा. एक मेगओहमच्या खाली आला तर जोड सोडा आणि नव्यानं बांधा. मोटरीचं वाइंडिंगही याच वेळी बॉडीशी तपासून घ्या. मेगर रिवाइंडिंगच्या दुकानात असतो.

## टप्पा ७: अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर

"फ्यूज आहे ना" हे उत्तर इथे चालत नाही. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही. १५ अँपिअरचा फ्यूज, आणि माणसाच्या जिवावर बेतायला ३० मिलिअँपिअरच्या आसपासची वीजही पुरते. हा फरक ५०० पटीचा आहे. फ्यूजला तुम्ही दिसतच नाही.

म्हणून पेटीत ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, बसवा, वायरमनकडून. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, पडला पाहिजे. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. सारखा पडतोय याचा अर्थ केबल, जोड किंवा वाइंडिंग यांतून वीज गळतेय. आधी ते शोधा.

अर्थिंगसाठी अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटरचा छिद्रं पाडलेला जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे आलटून पालटून थर, वर पाणी ओतायला नरसाळं. पेटी, मोटरीची बॉडी आणि लोखंडी पाइप, तिन्हींना ८ नंबरची जीआय तार नटबोल्टनं कसून. तीन कोरच्या केबलमध्ये अर्थिंगची चौथी वायर नसते, हे लक्षात ठेवून मोटरीच्या बॉडीपासून वेगळी तार वर आणा.

आता आपल्याकडची खास अडचण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. रोध समजा ४० ओहम झाला, तर २३० व्होल्टला जेमतेम पावणेसहा अँपिअर जमिनीत जातात. १५ चा फ्यूज उडत नाही आणि पेटी वीज धरून उभी राहते. होळीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या नरसाळ्यात ओता. मोसंबीला टँकरनं पाणी घालायची वेळ आली असली तरी या दोन बादल्या सोडू नका. मुरमाड रानात तर बारमाही ओतावं लागतं.

## टप्पा ८: परत सोडणं आणि चालू करणं

१. मोटर दोरावर सोडा, केबल पाइपाला दर पाच-सात फुटांवर प्लास्टिकच्या पट्टीनं बांधा. तारेनं बांधू नका, साल कापते.

२. मोटर तळापासून दोन-तीन फूट वर ठेवा, नाहीतर गाळ ओढते.

३. माणसं मोजा. विहिरीत, पायऱ्यांवर, काठावर पाण्यात पाय सोडून कुणी नाही. हौदावर जनावरं नाहीत.

४. फोटो पाहून केबल स्टार्टरला जोडा.

५. खिशातल्या किटकॅट आता बाहेर काढा. मेन स्विच खालीच असताना त्या बसवा. मग मेन स्विच वर. मग हिरवं बटण.

६. ऑटो आणि मोबाइल सगळ्यात शेवटी, घरी निघताना.

मोटर फिरते पण पाणी कमी येतं, असं झालं तर ती उलटी फिरत असण्याची शक्यता आहे. कोणत्याही दोन फेजच्या वायरी बदलल्या की सुलट होते. आणि नेमका इथे घात होतो. सगळे दमलेले, पाणी डोळ्यांसमोर, "दोनच वायरी बदलायच्यात" म्हणून मेन न पाडता स्क्रू ड्रायव्हर आत जातो. दोन वायरी बदलायच्या असल्या तरी टप्पा २ आणि ३ पुन्हा पूर्ण करायचे, सहाच्या सहा तपासण्यांसह.

चालू झाल्यावर क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचे अँपिअर पाहा. एचपीला दीड अँपिअर हा ढोबळ अंदाज, म्हणजे पाच एचपीला साडेसात-आठ. सबमर्सिबल थोडी जास्त घेते. तिन्हींत फार फरक दिसला तर बंद करा. मग लोखंडी पाइप, घोडी आणि विहिरीच्या पायऱ्यांच्या कांब्या यांना हात लावण्याआधी टेस्टर लावा. मोटर चालू असताना पोहायला उतरणारी पोरं हा सुट्टीतला नेहमीचा प्रकार आहे. पेटीला कुलूप असलं तरी विहिरीला नसतं, म्हणून मोटर चालू असेल तर पाण्यात कुणी नाही हे घरात सांगून ठेवा.

## शॉक लागलाच तर

१. त्याला शिवू नका. आधी मेन स्विच पाडा. पेटीजवळ माणूस ठेवला होता तो यासाठीच.

२. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं वायर बाजूला सारा. ओला बांबू, उसाचं टिपरं चालत नाही. ११ केव्हीची तार तुटून पडली असेल तर लाकूडही नाही; दहा मीटर लांब राहा, महावितरणच्या १९१२ ला फोन करून लाइन बंद करवा. तारेजवळ सापडलात तर पाय न उचलता, घसटत बाहेर या.

३. माणूस पाण्यात असेल तर वीज बंद झाल्याशिवाय कुणीही उडी मारायची नाही.

४. १०८ ला फोन. श्वास नाही किंवा धापा टाकल्यासारखा तुटक आहे, तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाब द्या: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. जमत असेल तर ३० दाबांनंतर तोंडानं दोन श्वास. जमत नसेल तर नुसते दाब. दमलात की दोन मिनिटांनी दुसऱ्यानं घ्यायचं, मध्ये खंड नको.

५. मातीत पुरणं, अंगावर पाणी ओतणं, तोंडात पाणी घालणं हे काही करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात.

६. उठून बसला, बोलला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. शॉकनं बिघडलेला हृदयाचा ठोका नंतरही घात करू शकतो. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: घरगुती वीज होती की थ्री-फेज की ११ केव्ही, किती वेळ चिकटला होता, आणि वीज अंगातून कुठून कुठे गेली. भाजल्याची खूण हातावर असेल तर दुसरी पायावर शोधा, तळव्याला चप्पल होती का तेही सांगा.